आपल्या तालुक्याचं 'टीव्ही सेंटर': आत स्टुडिओ होता की नुसता टॉवर?

अनेरकाठ | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, घरात वाद पेटलाय, तुम्हीच सोडवा.

आई (वय ७१) छातीठोकपणे सांगते की ती आणि गल्लीतल्या पाचजणी 'टीव्ही सेंटरवर' जाऊन कानबाईची (आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी) गाणी म्हणून आल्या आणि ती कानबाईच्या रविवारी टीव्हीवर लागली. साल आठवत नाही, "तू चौथीत का पाचवीत होतीस" एवढंच. म्हणजे १९९५-९६. भाऊ म्हणतो, आई, तिथे नुसता टॉवर होता, गाणी काय टॉवरवर चढून म्हटली का? तेव्हापासून आई त्याच्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरती बोलते.

टॉवर अजून आहे. गावाबाहेर टेकाडावर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, पायथ्याशी दोन खोल्या आणि काटेरी तारांचं कुंपण. आम्ही त्यालाच टीव्ही सेंटर म्हणायचो. आत काय चालायचं ते मात्र कधीच कळलं नाही. कोणी तिथे काम केलंय का? स्टुडिओ असायचा का? गावाचं नाव लिहीत नाही, अर्धा तालुका नातेवाईक आहे.

डबल_तर्री | रात्री ९:२०

पहिला नंबर माझा. माहिती शून्य. पण कानबाईच्या नैवेद्याचे रोट मिळणार असतील तर शोधून देतो.

रेल्वेकॉलनी | रात्री ९:४१

ताई, भाऊ बरोबर आहे, तरी आईची माफी त्यानेच मागावी. अशी केंद्रं दिल्ली-मुंबईचा कार्यक्रम पुढे ढकलायची, स्वतःचं काही नसायचं. भुसावळला आमच्या कॉलनीत टीव्ही आला तेव्हा वडील म्हणाले होते, "हा पोस्टमन आहे, पत्र लिहिणारा दुसराच."

पांझरेचा_पूर | रात्री ९:५८

आईंनी आकाशवाणी जळगावला गाणी म्हटली असतील. तिथे स्टुडिओ आहे, लोकगीतांची ध्वनिमुद्रणं व्हायची, आमच्या आत्याचं भजनी मंडळ जाऊन आलंय. जुन्या बायका रेडिओ-टीव्ही दोन्हीला 'सेंटर'च म्हणतात.

अनेरकाठ | रात्री १०:०३

@पांझरेचा_पूर, हे मीही सुचवून पाहिलं. "मी स्वतःला पाह्यलं टीव्हीत, रेडिओत काय दिसतं का?" असं उत्तर आलं. विषय संपला.

शंभर_वॅट | रात्री ११:३०

झोप येत नव्हती, बरं झालं हा धागा दिसला. मी १९८६ ते २०१६ दूरदर्शनच्या याच प्रक्षेपणाच्या कामात होतो, त्यातली अकरा वर्षं खान्देशातल्या दोन केंद्रांवर. सविस्तर लिहितो.

तुमचा टॉवर म्हणजे एलपीटी, लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुण्याला पुढच्याच वर्षी सिंहगडावरून दिसायला लागलं. आपण मात्र दहा-बारा वर्षं पेपरात वाचत बसलो. कारण मुंबईहून डोंगर ओलांडत तापी खोऱ्यापर्यंत सिग्नल आणायचा तर टॉवरांची साखळी बांधायला हवी होती. उपग्रहाने तो प्रश्नच संपवला. इन्सॅट-१ए १९८२ मध्ये काही महिन्यांत निकामी झाला, पण ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर यानातून गेलेला इन्सॅट-१बी टिकला. मग १९८४ पासून देशभर भराभर ही छोटी केंद्रं उभी राहिली.

आत काय होतं? बाहेर तबकडी. ती दिल्लीकडे तोंड करून आहे असं लोकांना वाटायचं. प्रत्यक्षात ती जवळपास सरळ दक्षिणेला, आकाशात साधारण ६५ अंशांवर रोखलेली असायची. दिल्लीचा कार्यक्रम छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन आपल्याकडे परत यायचा. रिसीव्हरमधून चित्र आणि आवाज वेगवेगळे निघायचे, एक्सायटरमध्ये (प्रक्षेपणाचा सिग्नल तयार करणारं यंत्र) चित्र आधी ३८.९ मेगाहर्ट्झवर बसायचं, मग केंद्राला दिलेल्या चॅनेलवर चढायचं आणि शेवटी पॉवर अँप्लिफायर. तिथून टॉवरच्या टोकापर्यंत मनगटाएवढी जाड केबल. ट्रान्समीटर दोन. एक चालू, दुसरा आडीअडचणीला. बाकी स्टॅबिलायझर, डिझेल जनरेटर, आणि तपासणीसाठी पट्ट्यापट्ट्यांचं चित्र काढणारं एक खोकं.

शक्ती किती? १०० वॅट. जुना पिवळा बल्ब असायचा ना, तेवढी. त्यावर रविवारी सकाळी अख्खा तालुका टीव्हीसमोर बसायचा.

कॅमेरा नव्हता. माईक नव्हता. ड्यूटीवर दोन-तीन माणसं, तीही शिफ्टने. तेव्हा ताई, आईंना नाराज करायचं नाही, पण आमच्या खोलीत सहा बायका उभ्या राहिल्या असत्या तर मला उभं राहायला जागा उरली नसती.

डबल_तर्री | रात्री ११:३८

काका दंडवत! एक शंका. लहानपणी अधूनमधून भर दुपारी चित्रात मुंग्या यायच्या. आम्ही समजायचो, केंद्रातला माणूस जेवायला गेला.

शंभर_वॅट | रात्री ११:५५

जेवायला गेलो तरी यंत्र चालूच असायचं हो. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तबकडीला उपग्रहाबरोबर सूर्याचाही गोंगाट ऐकू येतो आणि दहा-एक मिनिटं मुंग्या. पुढचे काही दिवस साधारण त्याच वेळेला पुन्हा. यावरून मी तीन वेळा गावकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. एकदा तर एक पाटील थेट काठी घेऊन आले. त्यांना सूर्य दाखवला. पटलं नाही.

उन्हाळ्याचं वेगळंच. बाहेर ४५, खोलीत त्याहून जास्त. एसीने मान टाकली की दारं सताड उघडून टेबलफॅन ट्रान्समीटरच्या पोटाशी लावायचा आणि आपण ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचं.

नवापूर_फाटा | रविवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे उलटंच. मराठी दिसायचं नाही, पण अँटेना पश्चिमेला फिरवला की गुजराती बातम्या स्वच्छ. माझी आजी गुजराती टीव्हीवरच शिकली. काही पहाटे तर भलतीच लांबची केंद्रं लागायची आणि ऊन चढलं की गायब. हे काय गौडबंगाल?

शंभर_वॅट | सकाळी ८:०२

गौडबंगाल नाही. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. उंची मीटरमध्ये धरा, दोन्ही उंचींची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. टॉवर ४५ मीटर आणि तुमच्या गच्चीवरचा अँटेना ९ मीटर धरला तर उत्तर ४० किलोमीटर येतं. १०० वॅटात प्रत्यक्षात वीस-पंचवीसपर्यंत बरं चित्र मिळायचं, पुढे नशीब. आता पहाटे जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार थर असेल तर लहरी त्या थराखाली अडकून लांबवर घरंगळत जातात. ऊन चढलं की थर मोडतो. बुऱ्हाणपूरकडच्या लोकांनाही हा अनुभव असणार.

हातनूर_धरण | सकाळी ८:३०

अँटेना म्हटलं की आमच्या गच्चीवरचा संवाद आठवतो. काका वर, मी जिन्यात, आजी टीव्हीसमोर.
"उनं का?" (आलं का?)
"नही उनं!"
"आते?"
"उनं उनं उनं... गयं!"
यात पूर्ण मालिका संपायची.

रेल्वेकॉलनी | सकाळी ८:४४

😂😂 आणि 'उनं' म्हटल्यावर काकांनी हात सोडला की 'गयं'. माणूस धरून उभा असला तरच चित्र. आमच्याकडे धाकट्या भावाला तसाच उभा करायचे.

कडू_लिंब | सकाळी ९:१०

सगळे गहिवरलेत, म्हणून थोडं कडू लिहितो. पहिली काही वर्षं त्या टॉवरवरून आपल्याला काय मिळालं? दिल्लीची हिंदी. केळीचा शेतकरी संध्याकाळी बसून गव्हाची माहिती ऐकायचा. मुंबईचं मराठी उपग्रहावर चढलं तेव्हा मराठी आलं, पण तेही मुंबई-पुण्याचं. अहिराणी किंवा लेवा बोली त्या टॉवरवरून मी एकदाही ऐकली नाही. चार जिल्ह्यांत बोलली जाणारी भाषा, आणि टॉवर आपल्या टेकाडावर.

शंभर_वॅट | सकाळी ९:३५

@कडू_लिंब, खरं आहे. आमच्या हातात फक्त चालू-बंदचं बटण होतं. मी स्वतः घरी अहिराणी बोलतो आणि तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पुढे पाठवलं.

कोॲक्स | सकाळी ११:२०

धागा उशिरा पाहिला. ताई, तुमच्या आई खरं बोलतायत असं मला वाटतं. पण त्या टॉवरवर नाही, केबलच्या ऑफिसात.

मी १९९४ ते २००४ एका तालुक्याच्या गावी केबलवाल्याकडे होतो. आधी खांबावर चढायला, मग कंट्रोल रूममध्ये. ऑफिस म्हणजे कापसाच्या गोदामावरच्या दोन खोल्या. गच्चीवर जाळीच्या मोठ्या तबकड्या. एका खोलीत रॅक, प्रत्येक वाहिनीला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र केबलच्या एका चॅनेलवर चढवणारं खोकं. सगळे एका कंबायनरमध्ये यायचे आणि तिथून ट्रंक लाईन गावात. दर काही खांबांनंतर अँप्लिफायर, मग टॅप, मग तुमच्या घराची वायर. १९९५ चा केबल कायदा आला तेव्हा मालकाने नोंदणी कुठे केली असेल? हेड पोस्ट ऑफिसात! केबलचा आणि पोस्टाचा काय संबंध, मला आजतागायत कळलेलं नाही.

रॅकच्या सगळ्यात खालच्या मॉड्युलेटरला रिसीव्हर नव्हता, व्हीसीआर जोडलेला होता. तीच आमची लोकल वाहिनी. ती मुद्दाम खालच्या बँडात ठेवायची, कारण वारंवारता जितकी जास्त तितका सिग्नल वायरीत लवकर मरतो. शेवटच्या गल्लीत बाकी वाहिन्यांना मुंग्या असल्या तरी लोकल चकाचक. शिवाय तेव्हा बऱ्याच घरांत बारा बटणांचे टीव्ही होते, वरचे बँड त्यांना दिसायचेच नाहीत.

आणि हो, स्टुडिओ होता! दुसरी खोली. दहा बाय बारा. बाहेरच्या बैलगाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून गोणपाटात सरकी काढलेला कापूस शिवून भिंतींना लावलेला (खालीच गोदाम, फुकट माल), त्यावर निळा पडदा. दोन हॅलोजन, हजार-हजार वॅटचे. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, खांद्यावरचा व्हीएचएस. लग्नसराईत तो मिळायचा नाही, म्हणून वैशाखात आमच्या बातम्या नुसत्या अक्षरांत. पंखा लावला की माईकमध्ये घरघर, म्हणून रेकॉर्डिंगला पंखा बंद.

रात्री अर्धा तास बातम्या, निधनवार्ता, कापसाचे आणि केळीचे भाव, हरवलेली गाय. गणपतीत आरत्या, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याची गाणी, श्रावणात कानबाई. कानबाईचं रेकॉर्डिंग मी केलंय. एकदा गाणं रंगात आलं आणि एका आजींच्या अंगात आलं. टेप थांबवायची की चालू ठेवायची, मला कळेना. चालूच ठेवली. ती तशीच लावली.

डबल_तर्री | सकाळी ११:२६

गाणी म्हणायला दोन हजार वॅटचे दिवे आणि दूरदर्शनला अख्ख्या तालुक्यासाठी शंभर. शंभर_वॅट काका, यावर आपलं काय म्हणणं आहे?

शंभर_वॅट | सकाळी ११:४०

आमचा शंभर वॅट घामाशिवाय चालायचा.

पण @कोॲक्स, तुम्हा लोकांचा एक हिशोब बाकी आहे. दूरदर्शन आमच्याच चॅनेलवर केबलमध्ये सोडायचात, मग चित्राच्या डावीकडे भुतासारखी फिकट सावली, आणि लोक तक्रार घेऊन टेकाडावर माझ्याकडे. हवेतून सिग्नल आधी पोचतो आणि वायरीतून फिरून येणारा उशिरा, म्हणून सावली डावीकडे. निदान वेगळ्या चॅनेलवर टाकायचं!

कोॲक्स | सकाळी ११:५२

कबूल काका. एक मॉड्युलेटर वाचायचा ना. आडव्या पट्ट्या वर-खाली सरकायच्या, तोही आमचाच प्रताप. अर्थिंग नीट नसलं की विजेची गुणगुण चित्रात घुसते. मालक म्हणायचा, गिऱ्हाइकाला सांग टीव्ही जुना झालाय.

कडू_लिंब | दुपारी १२:३०

लोकल वाहिनीचंही देव्हाऱ्यात बसवणं नको. आमच्या गावच्या वाहिनीवर बातमी म्हणजे ज्याने जाहिरात दिली त्याचा वाढदिवस. ज्याने नाही दिली त्याच्या दुकानासमोरची गटार रोज दाखवायचे. दुपारी नवे सिनेमे, हक्कबिक्क विचारू नका. निवडणुकीत तर ज्याचं केबल त्याचीच सभा.

हातनूर_धरण | दुपारी १२:४८

@कडू_लिंब, गटार दाखवून दाखवून आमच्याकडची गटार दुरुस्त झाली होती हो. हेतू काहीही असो.

पांझरेचा_पूर | दुपारी १:१५

निधनवार्तेला +१. आमचे आजोबा रात्री फक्त तेवढंच बघायचे. "आज कोणी ओळखीचं नाही" म्हणून टीव्ही बंद.

झूम_आउट | दुपारी २:०५

मी २००३ चा. तुमचं सगळं पुराणकाळातलं वाटतंय पण मजा येतेय. मग हे बंद का पडलं? आता अहिराणी गाणी, विनोदी व्हिडिओ सगळं यूट्यूबवर आहे, लाखांनी बघतात. लोकल वाहिनीवाल्यांना हे का नाही जमलं?

कोॲक्स | दुपारी ३:१०

आधी लोडशेडिंगने मारलं. तुमच्या घरी इन्व्हर्टर, टीव्ही चालू, पण चौकातला अँप्लिफायर बंद, मग पुढच्या तीन गल्ल्या काळ्या. आम्ही सायकलवर बॅटऱ्या घेऊन फिरायचो.

मग सेट टॉप बॉक्स. मुंबईला २०१२ च्या अखेरीस सक्ती झाली, तालुक्याच्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत, खेड्यांना ३१ मार्च २०१७. तोवर मी नोकरी सोडली होती, पण मालकाचं ऐकत होतो. पूर्वी व्हीसीआरची वायर मॉड्युलेटरमध्ये खुपसली की वाहिनी सुरू. आता सगळ्या वाहिन्या मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरून, म्हणजे मुख्य कंट्रोल रूममधून, सांकेतिक होऊन येतात. मधल्या तालुक्यात आपलं चित्र घुसवायला जागाच राहिली नाही. तिकडे एन्कोडर लावा, भाडं भरा. हरवलेल्या गाईच्या जाहिरातीवर हे भाडं निघत नाही. काही वाहिन्या मोबाईलवर गेल्या, काही शूटिंगवाले परत लग्नांत.

शंभर_वॅट | दुपारी ३:४०

आमचंही त्याच सुमारास. हवेतून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू झालं, त्यांत खान्देशाला जवळची म्हणजे औरंगाबाद आणि इंदूर. आपण दोन्हींच्या मधे. जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करत २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे संपवले. फ्री डिशची छोटी तबकडी घरोघरी आल्यावर आमचा शंभर वॅट बघणार कोण? काही ठिकाणी त्याच टॉवरवर आता आकाशवाणीचा एफएम आहे. मी ज्या दिवशी निवृत्त झालो त्या दिवशी संध्याकाळी अँटेना लावून आमचं केंद्र बघणारं एक तरी घर सापडतं का म्हणून मोटरसायकलवर फिरलो. एक सापडलं. मेंढपाळाची झोपडी होती, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर.

अनेरकाठ | संध्याकाळी ७:३०

दिवसभर लग्नात होते. आल्या आल्या आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. तिचं म्हणणं जसंच्या तसं:

एक, पडदा निळा नव्हता, हिरवा होता. दोन, पंखा बंद होता हे बरोबर, आणि खाली कापसाचं गोदाम होतं हेही बरोबर, तिच्या साडीला घरी येईपर्यंत पिंजलेला कापूस चिकटला होता. तीन, कोणाच्या अंगात वगैरे आलं नव्हतं. त्या आमच्या शेजारच्या मावशी, त्यांना दिव्याच्या उष्णतेने घेरी आली होती.

'टीव्ही सेंटर' का म्हणायचो तेही कळलं. ते गोदाम टेकाडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं आणि रिक्षावाले त्या रस्त्यालाच टीव्ही सेंटर रोड म्हणायचे. भावाने माफी मागितली आहे. आईने अजून स्वीकारलेली नाही.

@कोॲक्स दादा, तुम्ही आमच्याच गावचे ना? ती टेप कुठे असेल?

कोॲक्स | संध्याकाळी ७:५५

घेरी होती होय! तीस वर्षं मी लोकांना अंगात आल्याची गोष्ट सांगतोय.

ताई, गाव एकच दिसतंय. खरं सांगतो, टेप बहुतेक पुसली गेली. १८० मिनिटांची टेप महाग, एकाच टेपवर पंधरा-पंधरा वेळा बातम्या घेतल्यात. पण सणांच्या टेपा मालक वेगळ्या ठेवायचा, पुढच्या वर्षी परत लावायला. गोदाम विकलं तेव्हा त्याने एक पत्र्याची पेटी घरी नेली होती एवढं नक्की.

शंभर_वॅट | रात्री ८:१०

सापडली तर लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका! आपल्याकडच्या पावसाळ्यात रिळावर पांढरी बुरशी धरते, ती हेडला लागली की टेपही जाते आणि यंत्रही. आधी खिडकीतून रीळ बघा. पांढरं दिसलं तर माझ्याकडे पाठवा, मी हाताने पुसून देतो. चालू व्हीसीआर माझ्याकडे आहे.

डबल_तर्री | रात्री ८:१४

काकांकडे व्हीसीआर आहे, कोॲक्सकडे पेटीचा पत्ता आहे, आईंकडे रोट आहेत. मी फक्त यायचं कधी ते सांगा.

अनेरकाठ | रात्री ८:४०

आई विचारतेय, त्या केबलवाल्याने सहाजणींना मिळून ५१ रुपये देतो म्हणून सांगितलं होतं, ते दिले नाहीत. ते पेटीबरोबर मिळतील का?

कोॲक्स | रात्री ८:५२

मालकाचा नंबर व्यनिने पाठवलाय. माझं नाव सांगू नका, माझाही एका महिन्याचा पगार तिकडेच आहे.